'क्लास' म्हणजे नेमका कोणता वर्ग?

सकाळी सात वाजता धाकटी सांगते, आमच्या क्लासची सहल निघणार आहे, पैसे द्या. बाप लोकलच्या सेकंड क्लासच्या डब्यात लोंबकळत कामावर जातो आणि तेथे तो क्लास फोर म्हणून ओळखला जातो. थोरल्याला फर्स्ट क्लास मिळावा म्हणून आई नाक्यावरच्या क्लासची फी हप्त्याहप्त्याने भरते. त्याच थोरल्याने कॉलेजच्या फॉर्मवर बॅकवर्ड क्लासच्या रकान्यात खूण केलेली असते. आणि रविवारी मटणाचा रस्सा मनासारखा झाला की हाच पोरगा बोटे चाटीत म्हणतो, "आई, एकदम क्लास!"

एका घरात एक शब्द सात वेळा आला आणि सातही वेळा त्याचा अर्थ निराळा. शब्दकोश उघडावा तर 'क्लास' म्हणजे 'वर्ग' एवढे सांगून तो मोकळा होतो. पण सेकंड क्लासच्या डब्याला कोणी दुसरा वर्ग म्हणत नाही, 'दुसरा दर्जा' म्हणतात. शाळेतल्या क्लासला 'इयत्ता' म्हणतात, परीक्षेतल्या क्लासला 'श्रेणी', फी भरून लावलेल्या क्लासला 'शिकवणी', आणि रश्श्याला तर 'झकास' याखेरीज दुसरा शब्दच नाही. आम्ही काही इंग्रजीचे पंडित नव्हे. पण हा शब्द आपल्या समाजाला शंभराहून अधिक वर्षे चिकटलेला आहे. कधी त्याने आपल्याला दार उघडून दिले, कधी तोंडावर लावले. तेव्हा त्याची एकदा नीट झडती घेतलेली बरी.

रोमची शिरगणती

इंग्रजांनी हा शब्द लॅटिन भाषेतून उचलला. लॅटिनमध्ये तो 'क्लासिस'. रोमच्या जुन्या इतिहासकारांनी सांगितले आहे की, सर्व्हियस टुलियस नावाच्या राजाने ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात नगरातल्या लोकांची शिरगणती केली आणि ज्याच्याजवळ जेवढी मालमत्ता त्या मानाने त्यांचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गातल्याने लढाईला निघताना शिरस्त्राण, चिलखत, ढाल, भाला सगळे पदरच्या पैशाने आणायचे. पाचव्या वर्गातल्याने गोफण आणि दगड आणले तरी चालत असे. मत द्यायची वेळ आली की आधी पहिल्या वर्गाला बोलावीत. बहुतेक वेळा तेथेच निकाल लागून जाई, खालच्यांपर्यंत पाळी क्वचितच पोहोचे. आणि या पाचांच्याही खाली ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, ते 'प्रोलेटारी'. राज्याला देण्यासारखे पोटच्या पोरांवाचून ज्यांच्याकडे काही नाही, असा त्या शब्दाचा अर्थ. मार्क्सच्या लिखाणातून आपल्या युनियनच्या सभांपर्यंत आलेला 'प्रोलेटारिएट' हा शब्द येथला.

म्हणजे जन्मापासूनच या शब्दाच्या हातात गरिबाचे मोजमाप करणारी फूटपट्टी आहे. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रोमच्या त्या शिरगणतीत मालमत्ता वाढली की माणूस वरच्या वर्गात जाई, घटली की खाली येई. वर्गाच्या भिंतीला दार होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

शाळेचा वर्ग आणि गोणपाट

शाळेत क्लासला आपण जो 'इयत्ता' शब्द वापरतो तो संस्कृतातला, 'इतके' असा भाव त्यात आहे. पोरगे किती शिकले, तर इतके. इंग्रजीत त्यालाच 'स्टँडर्ड' म्हणतात, अमेरिकेत 'ग्रेड' म्हणतात. इयत्तेची वाटणी केली की 'डिव्हिजन', म्हणजे तुकडी. अ तुकडीत हुशार मुले आणि ड तुकडीत उरलेली, ही वाटणी अनेक शाळांतून वर्षानुवर्षे चालली. उरलेल्यांमध्ये कोणत्या वस्त्यांची नावे अधिक होती ते आम्ही सांगायला नको. प्रत्येक आजीला ते ठाऊक आहे.

पण एका वर्गात बसणे म्हणजे एका वर्गाचे होणे असे नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हाची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. इयत्ता तीच, शिक्षक तेच, पुस्तक तेच. बसायला मात्र कोपऱ्यात वेगळे गोणपाट. ते गोणपाट शाळा झाडणारा गडी शिवणार नाही, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. इंग्रजी हजेरीपटावर तो एकच क्लास होता. जमिनीवर त्यात दोन होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे आपले निवेदन दिले, त्यातही हा शब्द ठाण मांडून बसला आहे. सरकारचे धोरण असे होते की वरच्या वर्गांना शिकवावे, मग ज्ञान आपोआप खाली झिरपत जाईल. जोतीरावांनी विचारले की सारा भरतो शेतकरी, त्याच्या घामाच्या पैशावर शिकतात वरचे वर्ग, आणि शिकल्यावर त्यातले थेंबभर तरी खाली आले काय? निवेदनात एका बाजूला 'हायर क्लासेस' आहेत आणि दुसऱ्या बाजूला 'मासेस'. आज सिनेमावाले 'क्लास'चा पिक्चर आणि 'मास'चा पिक्चर अशी वाटणी करतात. बाल्कनीतल्यांचा तो क्लास आणि शिट्ट्या वाजवणाऱ्यांचा तो मास. पोरांना ती आजची फॅशन वाटते, पण वाटणी जोतीरावांच्या वेळचीच आहे. फक्त तिकीटखिडकीवर आली.

परीक्षेतल्या फर्स्ट क्लासविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची धास्ती घरोघर पुरेशी आहे. एवढेच सांगतो की बाबासाहेबांनी १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळवले, असे चरित्रकार नोंदवतात. आजच्या हिशेबाने पोराला बापाच्या शिव्या खाव्या लागतील असा तो आकडा. पण त्याच निकालावर चाळीतल्या लोकांनी सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा घेतली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. गुणपत्रिकेवरच्या क्लासपेक्षा त्या पुस्तकाची पुढे काय किंमत झाली, ती आपल्या समाजाला माहीत आहे.

तिकिटाचा दर्जा

रेल्वेचा क्लास हा सर्वांत सरळ. पैसे टाका आणि बसा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि या देशात पहिल्यांदाच असे घडले की बसायची जागा जातीने नव्हे तर तिकिटाने ठरू लागली. थर्ड क्लासच्या फळकुटावर कोण कोणाला चिकटून बसला हे विचारायची सोय राहिली नाही. सोवळ्या मंडळींची त्यावरून फार कुचंबणा झाली. आम्हाला त्यांच्या कुचंबणेचे दुःख होत नाही.

पण गाडी फलाटावर थांबली की तिकिटाचा अंमल संपत असे. १९०१ सालची गोष्ट. लहानगे बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले असे सारे वडिलांना भेटायला निघाले. वडील नोकरीनिमित्त परगावी होते. मुलांना नवे कपडे शिवले होते, डोक्याला जरीच्या टोप्या होत्या. मसूर स्टेशनवर मुले उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली. पोशाखावरून त्याला ती चांगल्या घरची, वरच्या वर्गाची मुले वाटली. मग त्याने जात विचारली आणि मुलांनी सरळ सांगून टाकली. मास्तर चार पावले मागे सरला. बाहेर बैलगाड्या भाड्यासाठी उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

तिकीट काढले होते. कपडे होते. दुप्पट भाडे द्यायला पैसे होते. रोमच्या राजाच्या फूटपट्टीने मोजले असते तर मुले गाडीवानापेक्षा वरच्या वर्गात बसली असती. पण येथे मोजणारी फूटपट्टी वेगळी होती, आणि तिच्यासाठी इंग्रजीत शब्द आहे 'कास्ट'. क्लास आणि कास्ट या दोन शब्दांत फरक काय, असे कोणी पोराने विचारले तर त्याला मसूर स्टेशनची ही हकीकत सांगावी. दुसऱ्या कोणत्याही व्याख्येपेक्षा ती लवकर समजते.

रेल्वेने १९७४ साली थर्ड क्लास हे नाव काढून टाकले. भाषेने मात्र ते टाकलेले नाही. अजूनही कोणाला हिणवायचे तर 'थर्ड क्लास माणूस' म्हणतात. ज्या डब्यातून आपल्या आज्या-पणज्या मुंबईला आल्या आणि गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या, त्या डब्याचे नाव शिवी होऊन बसले आहे. आपल्या घरात तरी पोरांच्या तोंडी ते येऊ देऊ नये.

सरकारी नोकरीतल्या क्लासचेही असेच झाले. क्लास वन म्हणजे साहेब, क्लास टू म्हणजे धाकटा साहेब, क्लास थ्री म्हणजे कारकून आणि क्लास फोर म्हणजे शिपाई, झाडूवाला, हमाल. केंद्र सरकारने सत्तरीच्या दशकात 'वर्ग' शब्द सोडून 'गट' शब्द घेतला, गट अ, ब, क, ड. पुढे सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, केंद्रात गट ड हा गट क मध्ये मिळवला गेला. कागदावर चौथा वर्ग उरला नाही. पण झाडू उरला, गटारही उरले. ते काम ठिकठिकाणी ठेक्यावर गेले आणि ठेक्याच्या माणसाला वर्गही नाही, गटही नाही, पेन्शन तर नाहीच. क्लास फोरला लोक हसत असत. आज त्याच वस्तीतला पोरगा म्हणतो, बाबांसारखे क्लास फोर तरी व्हायला पाहिजे होते.

कामगार वर्गातली दोन दारे

'वर्किंग क्लास' म्हणजे कामगार वर्ग. हा शब्द ज्याने लाल झेंड्याखाली ऐकला त्याची छाती फुगते, आणि ती फुगावी. कामगार म्हटले की सगळे एक. पण मुंबईच्या गिरण्यांत हा एक वर्ग खाते बदलले की फुटत असे. विणाई खात्यात पगार अधिक, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण सांगायचे ते असे: धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाची थुंकी लागलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसे लावायचे? मालक तोच, भोंगा तोच, संप आला की उपासमारही तीच. पण धोट्याला तोंड लावताना कामगार वर्ग संपून जात सुरू होई.

१९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. वर्गाची एकजूट हवी तर विणाई खात्याचे दार आधी उघडा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९३६ साली त्यांनी पक्ष काढला तेव्हा त्याच्या नावात जात घातली नाही, मजूर घातला: स्वतंत्र मजूर पक्ष. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह बिलाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला, त्यात त्यांचा पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. बाबासाहेबांना वर्ग कळत नव्हता असे म्हणणाऱ्यांनी ही सालावळ एकदा पाहावी. ते वर्गही म्हणत होते आणि जातही म्हणत होते. एका शब्दाआड दुसरा दडवू देत नव्हते, इतकेच.

आणि हे काही त्यांना १९३८ साली सुचले नव्हते. १९१६ च्या मे महिन्यात, पंचविशीच्या वयात, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. त्यातला मुद्दा आपल्या बोलीत सांगायचा तर असा: जात हा मुळात वर्गच, पण त्याने बेटीबंदी करून आपले दार आतून लावून घेतले. एका वर्गाने दार लावले, त्याचे पाहून दुसऱ्यांनी लावले, आणि जे बाहेर राहिले ते बाहेरच राहिले. रोमच्या वर्गाला दार होते असे आम्ही वर म्हटले ते याचसाठी.

आपल्याला दिलेली नावे

आता त्या वर्गाकडे येऊ, जो आपल्या दाखल्यावर आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत आपल्या समाजाला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. आजच्या पोरांना डिप्रेशन म्हणजे मन उदास होणे एवढेच ठाऊक, त्यामुळे त्यांना हे नाव विचित्र वाटेल. मूळ अर्थ खाली दाबलेला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले. त्याचे मराठी नाव होते 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. इंग्रजीत दाबलेला आणि मराठीत निराश्रित. म्हणजे दाबणारा कोण हा प्रश्न भाषांतरातच गळून पडला. शिंदे यांच्या कामाविषयी आम्हाला आदर आहे, पण शब्दाची निवड कशी घसरते हे दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

बाबासाहेबांनी १९२४ साली संस्थेला नाव दिले 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा समोर उभा राहतोच. गोलमेज परिषदेत १९३१ साली त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले, त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावालाच हरकत घेतली आणि दुसरी नावे सुचवली. त्या नावाने समाज हीन आणि लाचार आहे असा समज होतो, हा त्यांचा आक्षेप होता. १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आणला. शेड्यूल म्हणजे यादी, अनुसूची. या शब्दात ना दया आहे ना शिवी. यादीत नाव आहे, म्हणून हक्क आहे.

राज्यघटनेत 'क्लास' शब्द मुद्दाम ठेवलेला आहे. कलम १६ च्या चौथ्या पोटकलमात 'नागरिकांचा मागास वर्ग' आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासभेत या 'मागास' शब्दावर बरीच ओढाताण झाली. हा शब्द का लागतो ते बाबासाहेबांनी समजावून सांगितले. समान संधी हा नियम आहे आणि राखीव जागा हा अपवाद. अपवाद कोणासाठी हे नेमके सांगितले नाही तर तो नियमालाच गिळील. मराठीत 'मागासवर्गीय' हा शब्द वसतिगृहाच्या पाटीवर आला, शिष्यवृत्तीच्या अर्जावर आला, आणि हळूहळू शाळेच्या पटांगणात टोमणा म्हणूनही आला. टोमणा मारणाऱ्याला विचारावे, मागास राहिला की मागे ठेवला? मराठी व्याकरणात या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे, ते मास्तरांनीच सांगितलेले असते.

अलीकडे आणखी एक नवे नाव आले. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' आणले. येथे 'क्लास' टाळून 'सेक्शन' घेतला आहे, म्हणजे घटक. मोजमाप उत्पन्नाचे, अगदी रोमच्या राजासारखे. पण अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांतला गरीब कितीही गरीब असला तरी त्याला या घटकात जागा नाही. घटक पैशाचा म्हणायचा आणि दारावर जात विचारायची, हा मसूर स्टेशनचाच प्रकार आम्हाला वाटतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही दुरुस्ती वैध ठरवली. विरोधी मत देणाऱ्या दोघांचा मुख्य आक्षेप याच वगळण्यावर होता.

आयाबहिणींनी एक गोष्ट मात्र आजच पाहून घ्यावी. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने शिष्यवृत्तीच्या इंग्रजी अर्जावर 'क्लास' या रकान्यात 'एस.सी.' असे लिहिले आणि अर्ज त्रुटी म्हणून परत आला. तो दुरुस्त होईतो मुदतीचे दोनच दिवस राहिले होते. शाळा-कॉलेजच्या अर्जावर नुसते 'क्लास' असेल तर तेथे इयत्ता लिहायची. 'कॅटेगरी' म्हणजे प्रवर्ग, तेथे अनुसूचित जाती. 'कास्ट' म्हणजे दाखल्यावर आहे ती जात. आणि 'रिलिजन' म्हणजे धर्म, तेथे बौद्ध. सवलत जाईल या भीतीने अजूनही काही घरांत धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिले जाते, आणि जनगणनेलाही तेच सांगितले जाते. १९५६ च्या दीक्षेनंतर काही वर्षांनी महाराष्ट्र राज्याने राज्यापुरत्या सवलती दिल्या होत्या, केंद्राचे दार मात्र बंद होते. त्या काळात ही भीती खरी होती. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातीतली व्यक्ती हिंदू, शीख किंवा बौद्ध असू शकते हे स्पष्ट झाले. बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही.

अभिजात आणि वग्ग

या शब्दाचे एक घर राहिले. दुसऱ्या शतकातल्या औलस गेलियस या रोमन लेखकाच्या ग्रंथात चांगल्या लेखकाला 'क्लासिकस' म्हटले आहे, म्हणजे पहिल्या वर्गातला, प्रोलेटारी नव्हे असा. तेथून इंग्रजीत 'क्लासिक' आणि 'क्लासिकल' आले. क्लासिकल संगीताला आपण 'शास्त्रीय' म्हणतो आणि क्लासिकल भाषेला 'अभिजात'. अभिजात या संस्कृत शब्दाचा अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. पाहा, रोमने मालमत्ता मोजली आणि आपल्या पंडितांनी भाषांतर करताना जन्म मोजला! गिरणगावातल्या नारायण सुर्व्यांची कविता, अण्णाभाऊंची कथा, दया पवारांचे आत्मकथन अशा मोजणीत कोठे बसेल? वाङ्मयाने त्यांना जागा दिली ती कुळ पाहून नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हा ढोलताशे वाजले आणि वर्तमानपत्रांची पाने भरली. त्याच दिवशी, त्याच निर्णयात पालि भाषेलाही तो दर्जा मिळाला, हे मात्र आपल्याच कित्येक घरांत कळले नाही. आपल्या विहारात रोज जिचे सूर उमटतात ती भाषा आता सरकारी कागदावर 'क्लासिकल' आहे.

आणि पालीत 'वर्ग' या शब्दाचे रूप आहे 'वग्ग'. धम्मपदात २६ वग्ग आणि ४२३ गाथा आहेत. येथे वग्ग म्हणजे प्रकरण. सारनाथला भगवंतांनी ज्या पाचांना पहिला उपदेश केला ते 'पंचवग्गीय' भिक्खू, म्हणजे पाचांचा गट. उपसंपदा द्यायची तर मध्यदेशात दहा भिक्खूंचा वग्ग लागे. सोण कुटिकण्ण हा अवंती-दक्षिणापथातला, तेथे दहा भिक्खू जमवायला फार काळ लागला. ती अडचण त्याने भगवंतांपुढे मांडली, तेव्हा सीमेवरच्या प्रदेशांसाठी पाच पुरेत अशी परवानगी मिळाली. हा दक्षिणापथ म्हणजे आपल्याकडे येणारा रस्ता. आणखी एक गंमत अशी की, उच्चाराने अगदी सारखा पण व्युत्पत्तीने वेगळा दुसरा एक 'वग्ग' पालीत आहे. त्याचा अर्थ फुटलेला, दुभंगलेला. त्याच्या उलट शब्द 'समग्ग'. संघ समग्ग आहे की वग्ग आहे, असे विनयात विचारले जाते. आपल्या पक्षांचे गट मोजायला बसलेल्या कार्यकर्त्याला हा दुसरा वग्ग लगेच कळेल.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात, म्हणजे पुन्हा वग्गच, एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघा भिक्खू भावांनी तक्रार केली की नाना कुळांतून, नाना गोत्रांतून आलेले लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलतात आणि ते बिघडवतात. आम्ही ते वेदांसारख्या छंदोबद्ध भाषेत घालू काय? भगवंतांनी त्यांना दोष दिला, तसे करायला मनाई केली आणि ज्याने त्याने आपल्या बोलीतच धम्म शिकावा अशी परवानगी दिली.